बॉस्टनची उर्वी

खाली बेल वाजली आणि उर्वीने दिवा मालवला.

आता तिला ते सांगावं लागत नसे. तिचे बूट गराजमध्ये खोक्यांमागे होते, गाडी पलीकडच्या गल्लीत उभी होती. पार्सिपनीतल्या त्या घरी दिवाळीच्या फराळाला पाहुणे येत होते आणि पाहुण्यांच्या लेखी उर्वी बॉस्टनला होती, एका मोठ्या युनिव्हर्सिटीत. प्रत्यक्षात ती गावाबाहेरच्या, कोणालाही सहज प्रवेश देणाऱ्या कम्युनिटी कॉलेजात जात होती. तिथे लिबरल आर्ट्सची दोन वर्षं करायची आणि मग युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर घ्यायची, असा बेत होता. बेत तिचा होता. लपवणं बाबांचं.

"डिग्रीवर शेवटच्या कॉलेजचंच नाव येतं," तिचे बाबा, प्रल्हाद, तेव्हा म्हणाले होते. "मधल्या दोन वर्षांचं कोण विचारतंय, बाळा? तोवर कोणाला काही बोलायचं नाही, बस."

पण लोकांनी विचारलं. उल्काच्या, तिच्या आईच्या, तोंडून बॉस्टन निघून गेलं. मग बॉस्टनला एक खोली लागली, खोलीला एक रूममेट लागली, रूममेटला नाव लागलं. अनिका. अशी ती दुसरी उर्वी हळूहळू अंग धरत गेली.

कॉलेजात मात्र ह्या खऱ्या उर्वीला अंग होतं. वर्गात तिच्या एका बाजूला रात्रपाळी संपवून आलेली नर्स बसे, दुसऱ्या बाजूला आगीच्या बंबावर आयुष्य काढलेले एक आजोबा. कवितेच्या तासाला प्राध्यापिका तिचं नाव घेऊन प्रश्न विचारत आणि उत्तराची वाट पाहत. घराकडे वळणाऱ्या रस्त्यावर ती पुन्हा विरळ होऊ लागे. देशी किराणा दुकान तिला वर्ज्य होतं. समोरच्या पडवीत बसणं वर्ज्य होतं. आणि पाहुणे असताना तिच्या खोलीतली, खिडकीजवळच्या जमिनीची एक फळी वर्ज्य होती. विचित्र फळी होती. पाय ठेवला की गप्प राही, उचलला की करकरे.

आज ती त्याच फळीवर उभी होती. बाहेर मेपलची पानं झडून गेली होती आणि संध्याकाळ फांद्यांतून आरपार दिसत होती. तिने नकळत पाऊल उचललं.

"उल्का, वर कोण चालतंय गं?" खालून वसुधाकाकूंचा आवाज आला.

"हीटिंगचे पाइप," बाबा म्हणाले.

"भूत असेल यार," सुमंतकाका म्हणाले. "असलं तर त्याच्याकडून रेंट घेत जा!"

हशा जिन्यावरून वर आला आणि बंद दाराशी थांबला. मग आई बोलू लागली. बॉस्टनच्या उर्वीने हॉस्टेलवर चकल्या केल्या होत्या. बॉस्टनची उर्वी कडाक्याच्या थंडीत नदीकाठी पळायला जात होती.

"आणि परवा व्हिडिओ कॉलवर बघते तर काय, केस खांद्यापर्यंत कापलेले! इतकी गोड दिसते म्हणून सांगू."

अंधारात उर्वीचा हात मानेमागे गेला. वेणी होती. कमरेपर्यंत होती.

"घर खायला उठतं हो तिच्याशिवाय," आई म्हणाली, आणि रडू लागली.

आईचं खोटं रडणं उर्वीला ओळखता येत असे. हे तसं नव्हतं. आज सकाळीच आईने उपम्याची बशी तिच्या दाराशी ठेवली होती आणि वर न पाहता ती निघून गेली होती. आणि आता खाली बसून ती तिच्यासाठीच रडत होती.

उर्वीने मनाशी एक वाक्य जुळवलं. मी कुठेही गेले नव्हते, मी इथेच होते. एवढंच म्हणायचं होतं. मग आईला ती दुसरी उर्वी लागणार नव्हती. तिने पाऊल उचललं. फळी करकरली, दार उघडलं, जिना करकरला, तिने काहीच लपवलं नाही.

ती दिवाणखान्यात आली. बाबांच्या हातातली डिश कलती झाली. वसुधाकाकूंनी तोंडावर हात ठेवला.

आई उठली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, राग नव्हता. पुढे येऊन तिने उर्वीचा चेहरा ओंजळीत धरला. कित्येक महिन्यांत तिने उर्वीकडे असं पाहिलं नव्हतं.

"कधी आलीस गं?"

आणि तिने उर्वीला घट्ट मिठी मारली. तिच्या पदराला वेलचीचा आणि तळणीचा वास होता. उर्वीने त्या मिठीत नाटक शोधलं. ते कुठेच नव्हतं. आईचा हात तिच्या केसांवरून फिरत खांद्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. त्याखालची वेणी त्या हाताला लागलीच नाही.

जुळवलेलं वाक्य जिभेवर होतं. ते उच्चारलं असतं, तर हे हात सैल झाले असते.

"आत्ताच," उर्वी म्हणाली. "बॉस्टनहून."

मग सगळे एकदम बोलू लागले. कोणी तिला सोफ्यावर बसवलं, कोणी चिवड्याची वाटी हातात दिली. काकूंनी अनिका कशी आहे म्हणून विचारलं. मजेत आहे, उर्वीने सांगितलं.

तेवढ्यात वरच्या अंधाऱ्या खोलीत खिडकीजवळची फळी करकरली. कोणीतरी पाऊल उचललं होतं, अगदी जपून, खाली ऐकू जाऊ नये म्हणून.

वसुधाकाकूंनी छताकडे पाहिलं.

"काही नाही, काकू," उर्वी म्हणाली. "हीटिंगचे पाइप."