विहिरीतली घोरपड

रेवाने चमचा वाटीवर वाजवला, तशी स्वयंपाकघरातली शांतता मोडली. "आई, गोष्ट!"

वरणभात कालवत शाल्मली म्हणाली, "एक होती घोरपड. ती पाणी प्यायला विहिरीत उतरली, आणि..."

"काल पण इथेच थांबलीस!"

पूर्वी हात कामात असले, तरी मनाच्या मागे कुठेतरी गोष्टी आपोआप तयार होत असत. तीच मागची जागा शाल्मलीने वादळांचे अंदाज काढणाऱ्या एका कंपनीला वर्षभर भाड्याने दिली होती. कानामागे बटणाएवढं यंत्र बसवताना तिथली मुलगी म्हणाली होती, "जड गणितं मागे चालतील, ताई. समोरचं तुमचं काही अडणार नाही." आणि खरंच, बोलणं, हसणं, पोळ्या लाटणं, काही अडलं नाही.

"यंत्र काढून महिना झाला ना गं?" दारातून तिचा नवरा, निहार, हळूच म्हणाला. "सुचतील परत गोष्टी, हळूहळू."

"जागा परत दिली त्यांनी," शाल्मली कानामागचा व्रण चाचपत म्हणाली. "पण रिकामी दिली रे. डॉक्टर म्हणाले, ती आता भरत नाही."

रेवाने घास गालात तसाच धरला. "आई, मग घोरपड विहिरीतच राहणार?"