सोवळ्यात ओवलेली माळ

"शुभांगी, तुझं अक्षर कुठंय गं?" कॅलेंडरसमोर उभ्या राहिलेल्या प्रतिभाताईंनी विचारलं. "गेल्या महिन्यात नाही, या महिन्यातही नाही."

शुभांगीची सुई रुद्राक्षातच थांबली. बाकीच्या सहा बायकांनीही माना वर केल्या. पंचवटीतल्या या माळांच्या कारखान्यात कुणाचं काही झाकून राहत नसे. पाळी आली की त्या बाईने चार दिवस यायचं नाही, रुद्राक्षाला हात लावायचा नाही आणि त्या दिवसांचा रोजही मागायचा नाही. मालकीणबाई, म्हणजे या प्रतिभाताई, भिंतीवरच्या कॅलेंडरात तिच्या नावाचं पहिलं अक्षर तांबड्या पेनाने लिहून ठेवत. का, तर माळेच्या डब्यावर छापलेलं असे, 'सोवळ्यात ओवलेली माळ'. तेच रुद्राक्ष टेम्पोतून गोण्यांनी यायचे आणि हमाल त्या गोण्यांवर पाय पसरून विडी ओढायचे. ते देवाला चालत होतं. विटाळ तेवढा बायकांचा!

प्रतिभाताईंना वेगळाच संशय होता. सिंहस्थ तोंडावर आलेला, हजारभर माळांची ऑर्डर हातात. रोज बुडू नये म्हणून ही पोरगी पाळी लपवून तर बसत नाही ना, असं त्यांनी सरळच विचारलं.

शुभांगी काही बोलणार, तोच शेजारी बसून गाठी मारणारी तिची सासू चतुराबाई गालातल्या गालात हसली. पण बायकांना तेवढं हसू पुरलं. प्रतिभाताईंनी पेनाचं टोपण लावलं. लताबाई म्हणाल्या, उद्या चिंचा आणते. छाया म्हणाली, आधी ओटी भरायचं ठरवा. आठ वर्षांनी का होईना, महादेवाने ऐकलं. त्याचेच मणी ओवत होती पोर, त्याला दया येणार नाही तर कुणाला? शुभांगीने मान खाली घातली, तर सगळ्या म्हणाल्या, लाजली बघा.

लाज कसली! तिला घाम फुटला होता.

दोन महिन्यांपूर्वी ती एकटीच सरकारी दवाखान्यात जाऊन आली होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि हळूच सांगितलं, की तिशीतच तुझी पाळी बंद होतेय, आता मूल होणं नाही. तो कागद शुभांगीने घरी गोधड्यांच्या घडीत खुपसून ठेवला. नवऱ्याला, नवनाथला, सांगितलं नाही. सासूला तर नाहीच नाही. आठ वर्षं चतुराबाईने तिला शब्दांनी सोलून काढलं होतं. दोघींचा पगार चतुराबाईच्याच हातात पडायचा, त्यामुळे दर महिन्याच्या त्या चार दिवसांत बोलणी दुप्पट. पोर नाय ते नाय, वर रोजबी बुडवती. विंचूरला जाऊन तिने नवनाथसाठी दुसरी पोरगी बघून ठेवली होती. शुभांगीला इगतपुरीला भावाकडे धाडायचं, हेही ठरवून टाकलं होतं. भावाने दोन खोल्यांचं कारण सांगून आधीच हात वर केले होते. म्हणजे या घरातून निघाली की ती रस्त्यावरच.

आणि गेले दोन महिने ही बाई पार बदलली होती. सकाळी पेलाभर दूध. हंडा उचलू देईना. माळ ओवताना पाठीला उशी. विंचूरचा विषयही बंद. एकदा तर तिने स्वतःच्या हाताने शुभांगीच्या केसांना तेल लावलं. त्या दिवशी शुभांगी मोरीत जाऊन पोटभर रडली. आपल्याला दिवस गेलेत असं सासूला वाटतंय, असाच तिने अर्थ लावला होता. खोट्यावर मिळालेली का असेना, पण माया गोड लागत होती, आणि आपण ती चोरून खातोय या शरमेने तिला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं? आज चिंचा आणायचं बोलणं झालं, उद्या ओटी भरतील, परवा पोट दिसायला हवं.

दुपारी डबा खायला दोघी मागच्या नळाजवळ बसल्या. शुभांगीने भाकरी तशीच ठेवली. सासूला ती आत्या म्हणायची.

"आत्या, पोटात काही नाय माझ्या," ती म्हणाली. "पाळीच गेलीय. कायमची."

आता हात उठेल म्हणून तिने डोळे मिटले. हात उठला नाही.

"म्हाईत हाय मला," चतुराबाई घास चावत म्हणाली. कागद तिला दुसऱ्याच दिवशी गोधड्या वाळत घालताना सापडला होता. शेजारच्या पायलकडून तिने तो वाचून घेतला होता.

शुभांगीने बोटांवर दिवस मोजले. दूध त्याच आठवड्यात सुरू झालं होतं. म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं, तरी ही दूध देत होती, तेल लावत होती. आठ वर्षं आपण या बाईला ओळखलंच नाही, असं तिला वाटलं. तिने खाली वाकून सासूचे पाय धरले आणि हुंदके देऊन रडू लागली.

चतुराबाईने तिला दंडाला धरून उठवलं आणि डबा तिच्यापुढे सरकवला.

"जेव नीट. अशक्तपणा यायला नको," ती म्हणाली. "विंचूरची पोरगी पुढल्या महिन्यात घरात येतीय. तिच्या बाळंतपणाला पैसा लागंल, आन् तुझा रोज आता महिनाभर सलग भरतोय."