लक्ष लागायची गोळी

लक्ष लागावं म्हणून डॉक्टरांनी मला दिलेल्या गोळ्यांतली आज पुन्हा एक कमी होती. लेकाची परीक्षा तोंडावर, म्हणून त्यालाच धारेवर धरलं.

"खरं सांग, तूच घेतलीस ना? छातीचे ठोके वाढतात त्यानं, खेळ वाटला का तुला?"

"आई, शप्पथ नाही! तूच घेऊन विसरली असशील."

एरवी अशा वेळी माझे बाबा आतून हमखास ओरडायचे, "पहिल्यापासून धांदरटच ही!" आज त्यांच्या खोलीत चिडीचूप होतं. धावत जाऊन दार ढकललं.

 

मी शाळेत असताना त्यांनी दुरुस्तीला उघडलेला आणि तसाच राहिलेला रेडिओ पुढ्यात होता, आणि बाबा शांतपणे त्याचा शेवटचा स्क्रू पिळत होते.