बेटावरून आलेलं उत्तर

“हॅम रेडिओचं लायसन्स हातात येईपर्यंत नुसतं ऐकायचं, बोलायचं नाही,” असं अनुजाने सुशांतला बजावलं होतं. पण शुक्रवारी दुपारी, अल खोरच्या फ्लॅटमध्ये, त्याच्या रेडिओवर भर समुद्रातलं एक निर्जन बेट बोलू लागलं. तिथे मुद्दाम जाऊन रेडिओवर बोलणारा हौशी वर्षानुवर्षांत एखादाच. सुशांतला राहवलं नाही, त्याने हाक दिली.

पहिल्याच हाकेला इंग्रजीत उत्तर आलं, “आवाज खणखणीत येतोय, मित्रा! कुठून बोलतोयस?”

“कतार. अल खोर.”

“अल खोरमध्ये कुठे?”

अनुजा स्वयंपाकघरातून धावत आली आणि तिने अँटेनाची वायरच उपटली. “खलास! आता ऐक हजारो मैलांवरचं! अँटेनाशिवाय शेजारच्या इमारतीपलीकडचं काही येत नाही!”

वायर तिच्या हातातच होती. रेडिओतून तोच आवाज तितकाच स्पष्ट आला, “कितवा मजला?”