हिरव्या पिकअपच्या मागे

वेल्डाने दोन बोटं वर केली. समोरून आपल्या पिकअपमधून आलेला हॅरल्ड सरळ निघून गेला.

"त्याला तू दिसणार नाहीस, आई," गाडी चालवता चालवता तिची लेक जनीन म्हणाली. "काचा काळ्या आहेत. मुद्दाम तशा बसवून घेतल्यात."

"मी काय चोरी करून चाललेय, तोंड लपवायला?"

जनीन हसली. "सीट गरम करू का? तुझ्या त्या खटाऱ्यात बूड गोठायचं."

"गोठायचं. पण कुणाचं बूड आहे ते गावाला कळायचं."

एकतीस वर्षं वेल्डाने तो हिरवा पिकअप चालवला होता. त्याचं एक दार तारेने बांधलेलं होतं. आत कडब्याचा आणि ओल्या कुत्र्याचा वास यायचा. नवऱ्याला तिने त्यातूनच दवाखान्यात नेलं होतं, आणि एकटी परत आली तीही त्यातूनच. जनीनच्या गाडीला कसलाच वास नव्हता. चाकांचा आवाजही आत येत नव्हता.

नेब्रास्काच्या त्या रस्त्यावर समोरून कुणी आलं की स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलायची. तेवढ्यात सगळं बोलून व्हायचं. म्हणून निरोप घ्यायला वेल्डा कुणाच्या दारी गेली नव्हती. रस्त्यात भेटतीलच, असं तिने धरलं होतं. लेकीच्या गाडीत, मांडीवर पर्स घेऊन बसलेली मी दिसले की समजतील सगळे. बोटं जरा जास्त वेळ वर राहतील. आजपासून शहरातल्या वृद्धाश्रमात राहायचं होतं; तिथे तेवढं पुरलं असतं.

"काच खाली कर ना गं."

"धूळ येईल आई. सीट पांढऱ्या आहेत."

वेल्डाने स्वतःच बटण दाबलं. काच चार बोटं उतरली. जनीनने आपल्या बाजूने ती पुन्हा वर घेतली.

धान्याच्या कोठारापाशी वळल्यावर पुढे तिचा हिरवा पिकअप दिसला. शेजारच्या जिल्ह्यातल्या माणसाने तो विकत घेतला होता आणि सकाळीच घेऊन निघाला होता. रस्ता पूर्वेला जात होता. ऊन समोरून येत होतं. पिकअपच्या पुढच्या काचेवर समोरच्यांना नुसती चमक दिसत असणार, आत कोण आहे ते नाही.

टपालवाली डोरीन समोरून आली. पिकअप पाहून तिने दोन बोटं उचलली. मग चर्चमधला आर्विड आला. त्यानेही उचलली. दोघं जनीनच्या गाडीजवळून समोर बघत निघून गेले.

शेवटी लेनर्ड आला. चाळीस वर्षं त्याच्या आणि वेल्डाच्या कुरणांना एकच कुंपण होतं. पिकअप दिसताच त्याने दिव्यांची उघडझाप केली आणि अख्खा हात वर केला.

"लेनर्ड!" वेल्डाने काचेवर थाप मारली.

"आई, डाग पडतात."

वेल्डाने हात मांडीवर ठेवला. आज दुपारी कॉफी पिताना लेनर्ड सगळ्यांना सांगणार होता, वेल्डा सकाळीच रस्त्यात भेटली, मजेत आहे.