आवाजातली झोप

कानात घालायचे पिवळे बोळे.

एस.टी.त मांडीवर धरून आणलेली तांदळाची पिशवी.

रबरी टोपी, आणि तिच्यातून निघालेल्या तारांची मागे घातलेली वेणी.

झोप न आलेले विद्यार्थी. सगळेच.

"चप्पल भायेर काढायची व्हय?"

हे शेवटचं वाक्य गोरखचं. वेल्ह्याजवळच्या एका भाताच्या गिरणीवर त्याचं उभं आयुष्य गेलं होतं. आज तो पुण्यातल्या एमआरआयच्या खोलीच्या दारात उभा होता आणि मधुवंती त्याला आत बोलावत होती. मधुवंती भोरची. मेंदूवर संशोधन करायची.

माणूस गाढ झोपला की मेंदूत विजेच्या मोठ्या, संथ लाटा उठतात. टोपी त्या लाटा टिपते. त्याच वेळी मशीन मेंदूतल्या रक्ताची चित्रं काढतं. कुठली लाट उठली की कुठलं रक्त हलतं, आणि किती वेळाने, हे मधुवंतीला जुळवून दाखवायचं होतं. अडचण एकच होती. मशीन चालू झालं की खडी फोडल्यासारखा आवाज होतो. बोळे घातले तरी तो हाडांतून आत शिरतो. विद्यार्थी डोळे मिटून पडायचे. लाटा जेमतेम उठायच्या आणि विरून जायच्या. तिच्या विभागाच्या सरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, या महिन्यात एक माणूस तरी नीट झोपव, नाहीतर मशीनची वेळ दुसऱ्या गटाला देतो.

तेव्हा तिला गोरख आठवला. लहानपणी ती वडिलांबरोबर भात भरडायला जायची. गिरणीचा धडधडाट, हवेत तूस, आणि बाजूला पोत्यांवर तोंड उघडं टाकून झोपलेला गोरख. वडील म्हणायचे, याला उठवायला हाक मारायची नसते, मोटरीचा पट्टा काढायचा.

फोनवर तिने विचारलं, कामातून वेळ मिळेल का. तो लगेच येतो म्हणाला. भाडं देते म्हटल्यावर मात्र रागावला. नसरापूरला गाडी बदलून नवराबायको दोघं आली. पिशवी त्याच्या बायकोच्या, धोंडाबाईच्या मांडीवर होती.

मशीन चालवणाऱ्या कुमारने गोरखच्या कमरेचा चांदीचा मणी ओवलेला करदोडा काढून ठेवायला लावला आणि डोक्यावर टोपी चढवली. धोंडाबाई म्हणाली, येवढी दोरखंडं तर आमी बैलालाबी बांधत न्हाई. कुमारने नेहमीचे प्रश्न विचारले. घरी झोप कशी लागते? गोरख म्हणाला, झ्याक. धोंडाबाई काही बोलणार होती. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि ती मांडीवरची पिशवी सावरू लागली.

मशीन सुरू झालं. काचेपलीकडे मधुवंती आणि कुमार पडद्यासमोर बसले. रेघा आधी बारीक होत्या, दाट होत्या. मग सैलावल्या. विद्यार्थ्यांना जिथवर पोचायला अख्खी दुपार लागायची, तिथे गोरख बघता बघता पोचला आणि पुढे गेला. एक लाट उठली. संथ, उंच. कुमार खुर्चीतून अर्धा उठला. लाट. लाट. लाट. ला

मशीन थांबलं. पहिली फेरी संपली होती. दोन फेऱ्यांच्या मध्ये ते थांबतंच.

"काय अडाकलं?" गोरखने आतून विचारलं. तो टक्क जागा होता.

कुमार म्हणाला, डोक्याखाली अजून जाड गाद्या घालू, दुसऱ्या फेरीला आवाज कमी पोचेल. आजवर सगळ्यांनी तेच केलं होतं. मधुवंतीने त्याला उलटं सांगितलं. गाद्या काढ. फेऱ्या काढ. एकच लांब फेरी लाव, आणि मी सांगेपर्यंत मशीन थांबवायचं नाही.

या वेळी कोणी थांबवलं नाही. आत माणूस घोरत होता आणि मशीनपुढे त्याचं घोरणं ऐकू येत नव्हतं. संपल्यावर मधुवंतीने लाटांच्या खाली चित्रं लावून पाहिली. लाट उठत होती, मागोमाग रक्त ओसरत होतं. पुढच्या लाटेलाही तेच. त्यापुढच्या लाटेलाही. इतकं स्वच्छ तिने कोणाच्याच कामात पाहिलं नव्हतं. तिने सरांना फोन करून सांगितलं, मशीनची वेळ आता मीच वापरणार आहे.

मग ती बाहेर आली. गोरखच्या कपाळावर टोपीचे वळ होते आणि तोंडावर ताजं ताजं तेज. तिने सांगितलं, मामा, काम झालं, आता तुम्हाला परत यायला नको. तो मान हलवून करदोडा बांधू लागला. गाठ काही बसेना.

"ताई, आनखी एकदा बोलवा की यांना," धोंडाबाई म्हणाली.

मधुवंती हसली. एवढ्या लांब कशाला, मावशी, मामा घरी झोपतीलच की, ती म्हणाली.

"घरी लई शांत आसतं."

गोरखने मान वर केली नाही. काचेपलीकडे पडद्यावर त्याच्या लाटा तशाच उभ्या होत्या. त्या एवढ्या उंच कधी उठतात, हे मधुवंती स्वतः विद्यार्थ्यांना शिकवायची. मेंदू खूप दिवसांचा जागा असेल तर. आपल्या आनंदात तिने ते पाहिलंच नव्हतं.

कुमार मशीन बंद करायला निघाला होता. तिने त्याला थांबवलं आणि अजून एक लांब फेरी लावायला सांगितली. कशासाठी, ते त्याने विचारलं. माझ्यासाठी नाही, ती म्हणाली. गोरख कोणी सांगायच्या आत मशीनच्या पलंगावर जाऊन आडवा झाला होता.

वेल्ह्याजवळची ती गिरणी गेल्या दिवाळीतच कायमची बंद झाली होती.