दहा टिचक्या

"शेवटचं पाणी कधी प्यायलात, मावशी?"

"काल दिवेलागणीला."

मशीनवर बसलेल्या अक्षयाने मान वर करून पाहिलं. रत्नागिरीच्या त्या दवाखान्यात महिन्यातून एकदा हे मशीन येई, आणि एचआयव्हीचे पेशंट यकृताच्या तपासणीला रांग लावून बसत. तीन तास काही खायचं-प्यायचं नाही, एवढीच सूचना. तेवढ्यातही लोक कोपऱ्यावर चहा मारून येत आणि वर तोंड करून नाही म्हणत. तुळसा मात्र हर्णेहून पहाटेच्या एसटीने कोरड्या घशाने आली होती.

"तीनच तास सांगितले होते. रात्रभर कशाला राहिलात?"

"राहता येता का, ता बघत होते."

अक्षयाने तिला उताणं निजवलं, उजवा हात डोक्याखाली घ्यायला सांगितला आणि बरगड्यांवर गार जेल चोपडलं. "दुखायचं नाही हं. सुई नाही, चिरणं नाही. बाहेरून दहा टिचक्या मारायच्या, झालं."

धाकूच्या वेळी सुई घातली होती. धाकू तिचा नवरा. दुखणं दोघांना एकच, त्यानेच घरात आणलेलं, गोळ्याही दोघांना त्याच. पण त्याच्या यकृतावर कावीळही बसली आणि पोट नगाऱ्यासारखं फुगून तो गेला. गेल्या महिन्यात तुळसाच्या रक्तातही काहीतरी वाढलेलं निघालं, म्हणून तिला इथे धाडलं होतं.

पहिली टिचकी बसली. लहान पोराने मारावी तेवढीच.

"आत काय बघतंस, बाय?"

"यकृत. म्हणजे आपलं काळीज हो. मटणवाल्याकडे मिळतं ना, तेच. चांगलं असलं तर मऊ लागतं. बिघडलं की दगड होतं."

दुसरी टिचकी बसली, तिसरी बसली.

चार वर्षांपूर्वी, भर वैशाखात, डॉक्टरांनी सांगितलं होतं, पोटात पाणी साठतंय, दिवसाला तीन फुलपात्रांच्या वर पाणी द्यायचं नाही. डॉक्टरांचा शब्द म्हणजे तुळसाला ब्रह्मवाक्य. धाकू चोरून प्यायला लागला, तसा तिने हंडाच उचलून शेजारणीच्या घरात नेऊन ठेवला. शेवटच्या दुपारी त्याने चौथं फुलपात्र मागितलं. आधी दरडावून, मग गोडीगुलाबीने, मग हात जोडून. "उद्या देते," ती म्हणाली. तिच्याकडे बघत तो म्हणाला, "तुळशे, काळीज दगडाचा हाय तुजा." तिन्हीसांजेच्या आत तो गेला.

तू सांगितलं तसं केलंस, तुझी काय चूक, असं सगळ्यांनी तिला परोपरीने समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. अजूनही हंड्यात फुलपात्र बुडवलं की मागे कोणीतरी कोरडा घसा खाकरतं. ती वळून बघत नाही. कोण आहे ते तिला ठाऊक आहे.

सातवी. आठवी. तुळसाला भीती वाटत होती, पण मरणाची नव्हे. मरणाला ती कधीची तयार होती. आत दगड निघाला तर धाकूचं बोलणं खरं ठरणार होतं, आणि मग कोणाच्या तोंडाकडे बघून जगायचं, हे तिला कळत नव्हतं.

"झालं बघा." अक्षया पडद्याकडे वाकली. "चार पूर्णांक आठ. छान आहे, मावशी. अगदी मऊ आहे तुमचं काळीज. उगाच घाबरलात."

तुळसाच्या डोळ्यांतलं पाणी ओघळून कानात गेलं. ते तिने पुसलं नाही.

"बाय, जरा मोठ्यान बोल ना. ह्यांना कमी ऐकू येता. सगळा जन्म बोटीच्या इंजिनावर गेला."

नवरा बाहेर बाकड्यावर बसला असेल, असं अक्षयाला वाटलं. तिने हसून दाराकडे तोंड केलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "काका, मावशींचं काळीज मऊ आहे बरं का. काही काळजी करू नका."

बाहेरून कोणी ओ दिली नाही. तिने वळून पाहिलं, तर तुळसा उठून बसली होती, पण दाराकडे बघतच नव्हती. तिची नजर पायथ्याच्या रिकाम्या स्टुलावर होती. समोरच्याचं बोलणं ऐकून घ्यावं, तशी ती थोडा वेळ थांबली. मग मान हलवून पुन्हा आडवी झाली आणि उजवा हात डोक्याखाली घेतला.

"ह्यांना नाय पटत," ती म्हणाली. "परत बघ."